मिरच्यांना टीप

मास्तरांच्या घराला खिडक्या दोन. त्यातल्या एकीला खिडकी म्हणायचं ते तिला गज आहेत म्हणून. उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. दुसरी मात्र खरी. तिसऱ्या मजल्यावरची, दक्षिणेकडे तोंड केलेली. थंडीच्या दिवसांत साडेनऊच्या सुमाराला समोरच्या गोदामाच्या पत्र्यावरून ऊन उडी मारतं आणि त्या खिडकीतून आत येतं. आधी चौकटीवर, मग शिलाई मशीनच्या चाकावर, मग फरशीवर. दुकानदार गिऱ्हाइकापुढे कापडाचा तागा उलगडत जातो, तसं ते सावकाश उलगडत पलंगाच्या पायापर्यंत जातं, आणि तीन वाजले की कुणीतरी गुंडाळून परत नेतं.

त्या एका खिडकीवर त्या थंडीत तिघांनी हक्क सांगितला. मशीनला उजेड हवा होता, मिरच्यांना ऊन हवं होतं, आणि सूनबाईंना हवी होती मोबाइलची रेंज. ती त्या घरात दुसरीकडे कुठे येतच नव्हती.

मास्तर म्हणजे शिंपी. वर्गावर कधी उभे राहिले नाहीत, पण मोजपट्टी गळ्यात घालून चाळीस वर्षं काढली की लोक आपोआप मास्तर म्हणू लागतात. माझे सदरे त्यांनीच शिवले. मी मळेवाला माणूस, बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन शहरात येतो, दुपारी माल संपला की तीन जिने चढून मास्तरांकडे चहा घेतो. माझ्या सदऱ्याला आतून एक लांबट खिसा असतो, बियाण्याच्या पुड्यांसाठी. तो त्यांनीच काढला, मी सांगितलं नव्हतं. "वरच्या खिशातून पुड्या सांडतात तुमच्या. बघितलंय मी," एवढंच म्हणाले होते.

बोलायला कमी. बोलले तर शिवणकामातलंच. पाऊस थांबला की "उसवलं आभाळ" म्हणत, आणि कुणाचं लग्न ठरलं की "बेत चांगला बसलाय" म्हणत. कुणी मऊ हाताची बाई झगा घेऊन आली आणि म्हणाली, "मास्तर, खालची दुमड हातशिलाईनं घाला हो, नाजूक दिसते," की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "घालतो. पण मशीनची टीप पक्की." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मलाही आता ते झोपेत म्हणता येईल.

मिरच्या घरात आल्या त्या सूनबाईंमुळे. मास्तरांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. सुईत दोरा ओवायला त्यांना कुणाला तरी हाक मारावी लागे, आणि हाक मारायची तर लाज वाटे. तयार कपड्यांची दुकानं चौकाचौकात झाली होती, त्यामुळे कामही पातळ झालं होतं. मुलगा विजेच्या तारांचं काम करतो, दिवसभर कुठल्या ना कुठल्या खांबावर. घरात सासरा आणि सून. तिला त्यांचं नुसतं बसणं बघवेना. थंडीच्या तीन महिने आधी तिनं माझ्याकडून बियाणं मागून घेतलं. मिरची, टोमॅटो, पालक, कोथिंबीर, आणि लावायला म्हणून लसणाच्या चार पाकळ्या.

"काका, तिसऱ्या मजल्यावर उगवेल ना?"

"बियाला मजला कळत नाही," मी म्हणालो.

रंगाचे रिकामे डबे आणले, बुडाला भोकं पाडली, माझ्या मळ्यातली माती दोन पोती वर चढवली. मिरचीचे सात डबे झाले, टोमॅटोचे दोन. पालेभाजी एका जुन्या लाकडी खोक्यात. आता हे सगळं ठेवायचं कुठे? ऊन फक्त खिडकीशी, आणि खिडकीशी मशीन. म्हणून मिरची-टोमॅटोचे डबे मशीनच्याच लांब फळीवर, उजव्या डाव्या अंगाला ओळीनं बसले, आणि खोकं खाली पायडलच्या शेजारी.

मास्तरांनी त्या झाडांना गिऱ्हाइकासारखं वागवलं. प्रत्येक डब्यावर खडूनं नंबर टाकला. मापाची जाड वही काढली. तिच्यात चाळीस वर्षांच्या छात्या आणि कमरा होत्या. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर आता दर दोन दिवसांनी लिहिलं जाऊ लागलं: 'नंबर चार. उंची सतरा. घेर बावीस. फुलं नऊ. मिरच्या सहा.' आणि डावीकडच्या समासात, जुन्या सवयीनं, त्या दिवशीचं शिलाईचं काम: 'पडदे, पाच नग.'

खालच्या मजल्यावर इस्त्रीवाल्या मावशी राहतात. जिन्यातून जाता-येता त्यांना डोकावल्याशिवाय चैन पडत नाही. त्या दारातून ओरडल्या, "मास्तर, मिरचीला छातीचं माप घेताय की कमरेचं?"

"दोन्ही," मास्तर म्हणाले. "झाडं वाढत्या अंगाची आहेत. थोडं सैल ठेवावं लागतं."

तेव्हा एका शाळेच्या पडद्यांचं मोठं काम आलं होतं. मास्तर सकाळपासून पायडल मारत. मशीन जुनं, बिडाचं, धडधडत चाले. फळी थरथरे, डबे थरथरत, पानं हलत. मी चहा पीत बघत असे आणि मला ते बघवत नसे. मळ्यात मी रोपाला चालताना धोतराचासुद्धा धक्का लागू देत नाही. इथे ही कोवळी झाडं दिवसभर भूकंपात बसलेली.

तरी मिरच्या लागल्या. थंडी पडता पडता पहिली तोडणी झाली. हिरव्या, बोटाएवढ्या, चकचकीत. मास्तरांनी सात मिरच्या मोजून माझ्या त्या लांबट खिशात घातल्या. तिथे त्या बरोबर बसल्या. मळ्यात माझ्या मिरचीची पोती भरतात, पण त्या सात मिरच्या मी घरी नेऊन बायकोला हातात घेऊन दाखवल्या.

मग सूनबाईंना नोकरी लागली. घरबसल्या. पाणी तापवायच्या बंबांची एक कंपनी होती. लोकांचे बंब बिघडले की ते फोन करत आणि तो फोन यांच्याकडे येई. कानाला हेडफोनचा पट्टा, पुढे लॅपटॉप, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. पोरीला ते काम फार हवं होतं. लग्नाआधी ती नोकरी करत असे आणि इथे आल्यापासून घरात कोंडल्यासारखी झाली होती, हे तिनं कधी सांगितलं नाही तरी दिसत होतं. पण रेंज खिडकीशीच. म्हणून तिची खुर्चीही खिडकीशी, मशीनपासून दोन हातांवर.

पहिल्या दिवशी मी तिथेच होतो. मास्तरांचे शेवटचे तीन पडदे राहिले होते.

"नमस्कार, आपली तक्रार सांगा... हो, ऐकू येतंय. बंबातून आवाज येतोय? कसा आवाज येतोय?"

इकडे मशीन धडधडधड.

"नाही, नाही साहेब. तो आवाज आमच्या इथला आहे... नाही हो, कारखाना नाही... गिरणीही नाही... साहेब, तुमच्या बंबातून कसला येतोय ते सांगा ना!"

मास्तरांनी पाय उचलला. चाक दोन फेरे फिरून थांबलं. फोन संपल्यावर सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्ही करा तुमचं. मी सांगते त्यांना काहीतरी."

"झालंच माझं," मास्तर म्हणाले.

झालं नव्हतं. ते तीन पडदे त्यांनी पुढचे तीन दिवस सकाळी सहा ते नऊ बसून संपवले. संपले त्या दिवशी जेवताना मुलाला म्हणाले, "मशीन देऊन टाकू. जुनी मशिनं घेणारा माणूस आहे बाजारात. महिनाअखेरीला घेऊन जाईल. तिथे सूनबाईचं टेबल नीट बसेल."

मुलगा "बघू" म्हणाला. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, घाई कशाला?" मास्तर म्हणाले, "शब्द देऊन आलोय मी." शिंप्याचा शब्द म्हणजे कापलेलं कापड. एकदा कात्री चालली की पुन्हा जोडायचं नाही, असा त्यांचा खाक्या.

पण पुढच्या बाजाराच्या दिवशी मी गेलो, तर मशीनवर नवी खोळ. जाड निळ्या कापडाची, कडेनं गोट लावलेली, पुढून पाच बटणं, आणि बटणांची काजं हातानं केलेली. चार दिवस खपून केलेलं काम होतं ते, त्या एका डोळ्यानं. जे पंधरा-वीस दिवसांत घरातून जायचंय, त्याला कुणी एवढे देखणे कपडे शिवतं का? चहा पिताना मास्तरांचा पाय जमिनीवर टाच-चवडा, टाच-चवडा करत होता, तिथे पायडल नव्हतं तरी.

आणि आता माझी चूक सांगतो. ती माझीच होती, आणि पुरती शहाणपणातून झालेली होती. मी म्हणालो, "मास्तर, मशीन जाणारच आहे तर झाडांची सोय आत्ताच करा. इतके दिवस हादरे खाल्लेत बिचाऱ्यांनी. आता स्वस्थ जागा द्या, मग बघा कशी लगडतात." मुलानं खिडकीच्या चौकटीला एक फळी टांगून दिली. ऊन तेच, पाणी तेच, खत माझ्या मळ्यातलं. काच बंद, वाऱ्याची झुळूक नाही. डबे वर चढले. मला अगदी समाधान झालं.

आठ दिवसांत फुलं गळायला लागली.

मिरचीचं फूल लहान, पांढरं, खाली मान घातलेलं. उमलायचं, दोन-तीन दिवस राहायचं आणि देठासकट टपकन पडायचं. मास्तर ती वेचून खडूच्या डबीत ठेवत. वहीत लिहीत: 'नंबर एक. फुलं अकरा. गळाली अकरा.' टोमॅटोचंही तेच. गंमत म्हणजे खोक्यातला पालक आणि कोथिंबीर जोरात होती, लसणाची पात तर वीतभर झाली होती. ज्याला फूल लागत नाही ते सगळं ठीक, आणि ज्याला फूल लागतं ते सगळं वांझ.

मी माझं होतं नव्हतं ते ज्ञान काढलं. पाणी कमी करा म्हणालो. मग वाढवा म्हणालो. पातळ ताक शिंपडा म्हणालो, शिंपडलं. घरात तीन दिवस आंबूस वास राहिला. संध्याकाळी वर्तमानपत्राच्या टोप्या घाला म्हणालो. मास्तरांनी प्रत्येक झाडाच्या मापाची टोपी बेतून शिवली, कागदाला धावदोरा घालून. इस्त्रीवाल्या मावशी बघून म्हणाल्या, "आता पायमोजेही घाला. नाहीतर सर्दी व्हायची." तरी फुलं गळतच राहिली.

मास्तर त्या दिवसांत विटले. चहा निवून जाई. एकदा मला म्हणाले, "मळेवाले, काही काही हात असतात, त्यांना एकच काम येतं. ते गेलं की दुसरं लागत नाही."

"थंडी आहे, मास्तर. थंडीनं होतं असं."

"पडद्याच्या वेळी काय उन्हाळा होता?"

मी चहा संपवला आणि तीन जिने उतरलो.

महिना संपायच्या आधीच्या रविवारी मशीनवाला आला. मी तेव्हा नव्हतो, हे मला मागून कळलं. उंच, ओणवा, बोलताना प्रत्येक गोष्टीला नख मारून बघणारा माणूस. सूनबाई तेव्हा टांगलेली फळी पुसत होत्या, म्हणून एक डबा त्यांनी उचलून मशीनच्या फळीवर ठेवला होता. मशीनवाल्यानं खोळ काढली, बटणं बघून भुवई उंचावली, आणि म्हणाला, "चालवून बघतो." पाव तास त्यानं पायडल मारलं. कधी हळू, कधी जोरात, कान चाकाला लावून. मास्तर दाराशी उभे होते. तो डबा कुणाच्या लक्षातही नव्हता. मग तो माणूस उठला, म्हणाला, "जिवंत आहे अजून. हातगाडी घेऊन येतो. येत्या रविवारी नाही जमलं तर त्याच्या पुढच्या." गेला. सूनबाईंनी डबा परत वर ठेवला. मास्तरांनी खोळ घातली, पाचही बटणं लावली.

त्यानंतरच्या रविवारी तो आला नाही. बुधवारी बाजार होता. मी जिने चढून वर गेलो तर दार उघडं आणि मास्तर खिडकीशी, डोळ्याला भिंग लावून, नंबर चारच्या डब्यावर वाकलेले.

"या. हे बघा. मला दिसतंय तेच तुम्हाला दिसतंय का ते सांगा."

मी वाकलो. फुलाच्या पाकळ्या सुकून एका बाजूला लोंबत होत्या, आणि त्यांच्यातून गव्हाच्या दाण्याएवढं हिरवं टोक बाहेर आलं होतं. एक नव्हे, पाच. नंबर तीनवर नाही. नंबर पाचवर नाही. फक्त चारवर.

"याला कुणी काय घातलं?" मी विचारलं.

"काही नाही. मी वही बघितली. पाणी सगळ्यांना सारखं."

सूनबाईंचा जेवणाचा अर्धा तास चालू होता. त्यांनी कानाचा पट्टा मानेवर उतरवला आणि ताट हातात घेऊनच आल्या. "चार नंबर? तोच डबा मी त्या दिवशी खाली ठेवला होता, बाबा. फळी पुसायला. तो माणूस मशीन चालवत होता तेव्हा."

मग मास्तर उठले, मापाची वही घेऊन आले, आणि मागची पानं उलटू लागले. बोट डाव्या समासावर. 'पडदे, पाच नग', आणि त्यानंतरच्या पानावर मिरच्या बावीस. 'पडदे, एक नग', आणि पुढे मिरच्या चार. 'डोळ्याच्या डॉक्टरकडे', आणि पुढे काहीच नाही. चाळीस वर्षं माणसांची मापं लिहिली त्या हातानं हेही लिहून ठेवलं होतं, फक्त वाचलं नव्हतं.

"हादरे," मास्तर म्हणाले.

"काहीतरीच काय," मी म्हणालो. "मशीननं मिरची लागते होय?"

पण म्हणता म्हणता मला माझा मळा दिसला. दुपारचा वारा सुटतो, मिरचीचं सगळं रान शहारतं, प्रत्येक फूल देठावर झुलतं, आणि त्याची पिवळी भुकटी त्याच्याच पोटात झडते. मिरचीचं फूल स्वतःचं स्वतःला पुरेसं असतं. त्याला फक्त कुणी हलवावं लागतं. तीस वर्षं मी त्या वाऱ्याला शिव्या दिल्या, टोपी उडवतो म्हणून, रोपं लोळवतो म्हणून. तो माझं काम करत होता आणि त्यानं एकदाही तसं सांगितलं नाही. इथे बंद काचेआड वारा नव्हताच, आणि मी झाडांखालचं मशीनही काढून घ्यायला लावलं.

"मास्तर, माझं चुकलं," मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाहीत. माझ्या घरी विचारा.

त्यांनी ऐकलंच नाही. ते डबे खाली घेत होते. सातही मिरच्या, दोन्ही टोमॅटो, पूर्वीच्याच ओळीत, पूर्वीच्याच जागी. खोळ काढली. सुई काढून डबीत ठेवली, दोरा नव्हताच. आणि पायडलवर पाय ठेवला. माझ्यासमोर ते रिकामं मशीन धडधडत चालू लागलं, काही न शिवता, आणि ती पानं, ती फुलं थरथरू लागली. महिनाभर मी मास्तरांचा चेहरा असा बघितला नव्हता.

सूनबाईंनी घड्याळाकडे बघितलं. "अजून बारा मिनिटं आहेत माझी, बाबा. मारा जोरात."

जिन्यातून इस्त्रीवाल्या मावशींचा आवाज आला, "काय शिवताय हो मास्तर?"

"मिरच्या!" आतून दोघांनी एकदम सांगितलं.

त्या रविवारी मशीनवाला येणार म्हणून मी मुद्दाम शहरात गेलो. बाजार नव्हता, तरी गेलो. मशीन वाचलं पाहिजे असं मला वाटत होतं, कारण ते जाणारच, असा मीही तोंडानं दुजोरा दिला होता. मास्तर अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. मशीन खोळीत. डबे पुन्हा वरच्या फळीवर चढलेले.

"हे काय?" मी विचारलं.

"शब्द दिलाय."

"अहो, पण झाडं?"

मास्तर उठले, नंबर दोनचा डबा पुढे ओढला आणि एका फुलाला बोटानं अलगद टिचकी मारली. मग दुसऱ्या. "हा डबा मशीनपासून लांब ठेवून नव्या फुलांवर चार दिवस करून बघितलं. यानंही लागतात." त्यांनी मला नंबर दोनवरची दोन हिरवी टोकं दाखवली. "मशीनच पाहिजे असं नाही. खोटं कशाला सांगू?"

मला त्यांचा राग आला, खरं सांगतो. हातात आलेली सबब त्यांनी स्वतःच तपासून मोडून टाकली होती. त्यांना मशीन हवं होतं, त्या खोळीचं एकेक काज ते ओरडून सांगत होतं, पण तोंडानं मागायचं नाही आणि सबबीवर ठेवायचं नाही. असा हा माणूस.

जिन्यावर जड पावलं वाजली. मशीनवाला आला, मागे त्याचा एक गडी, दोर घेऊन. मास्तर बाजूला सरले. गड्यानं मशीनला हात घातला.

"थांबा हो," सूनबाई म्हणाल्या. रविवार होता, त्यांच्या कानाला पट्टा नव्हता. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, ओले हात पदराला पुसत. "ते लागतं आम्हाला."

"अगं, सूनबाई," मास्तर म्हणाले, "हातानं होतं ते. तुला दाखवलं ना मी."

"दाखवलंत. टिचकी मारून." त्या पुढे आल्या. "पण हातशिलाईचं काय सांगता तुम्ही लोकांना? जन्मभर काय सांगत आलात?"

मास्तर खोळीचं एक बटण चाचपू लागले.

"सांगा ना, बाबा. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात माझ्या झग्याची दुमड घातलीत, तेव्हा मलाही सांगितलं होतंत."

मास्तरांचे ओठ हलले. मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना ते वाक्य पुटपुटताना ऐकलं, एरवी ते ठणकावून म्हणत. "मशीनची टीप पक्की."

"मग मिरच्यांनाच तेवढी हातशिलाई का?"

मशीनवाला एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. "म्हणजे मशीन द्यायचं की नाही?"

"देणार ना," सूनबाई म्हणाल्या. "बाबांनी शब्द दिलाय. मिरच्या संपल्या की घेऊन जा."

"कधी संपतील?"

सूनबाईंनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात एखादाच प्रश्न असा येतो की माणसाला आपण शेतकरी असल्याचा निव्वळ आनंद होतो. मी घसा साफ केला. "मिरचीचं झाड थंडीपासून जपलं, वेळेवर छाटलं," मी म्हणालो, "तर चार वर्षं सहज जगतं. पाचही."

मशीनवाल्यानं खोळीच्या बटणांना एकदा नख लावून बघितलं. मग गड्याला म्हणाला, "दोर गुंडाळ." दारातून परत वळून म्हणाला, "त्यातल्या चार मिरच्या द्या तरी. जिने चढलोय." मास्तरांनी त्याला पहिल्या तोडणीतल्या, वाळवून ठेवलेल्या सहा दिल्या.

मग त्या घरात एक वेळापत्रक झालं. मशीन सकाळी सात ते नऊ, आणि दुपारी सूनबाईंच्या जेवणाच्या अर्ध्या तासात दहा मिनिटं. बाकी वेळ खिडकी बंबांची. एकदा घाईत त्या फोन बंद करायला विसरल्या, आणि पलीकडच्या बाईंनी विचारलं, तिकडे काय चाललंय? सूनबाई म्हणाल्या, "मिरच्यांना टीप मारतायत." त्यावर ती बाई म्हणाली, "माझ्या बंबालाही कुणीतरी मारा."

थंडी सरत आली तेव्हा मास्तरांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याच आठवड्यात बाजार होता. मी विचार केला, मास्तर दवाखान्यात, मुलगा त्यांच्यापाशी, वर जाऊन काय करायचं. पण पाय वळलेच. दुसऱ्या मजल्यावर पोहोचलो आणि मशीनचा आवाज आला. ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले नाहीत आणि हा माणूस येऊन पायडलवर बसला?

दार लोटलं. मशीनवर सूनबाई बसल्या होत्या. एका हातात खाण्याचा डबा, पट्टा मानेवर, पदर खोचलेला, आणि पाय पायडलवर. चाक धडपडत, थांबत, मध्येच उलटं फिरत होतं.

"उलटं फिरतंय," मी म्हणालो. "दोरा तुटेल अशानं. मास्तर ओरडतील."

"दोरा आहे कुठे, काका?" त्या हसल्या आणि पुन्हा पाय दाबला. "बाबांचा फोन आला होता सकाळी. डोळ्याला पट्टी आहे, बोलायचं नाही म्हणून सांगितलंय, तरी बोलले. पहिला प्रश्न काय, तर चार नंबरला किती."

"मग?"

त्यांनी मानेनंच मशीनच्या फळीकडे दाखवलं. मापाची वही उघडी होती. मास्तरांच्या किरट्या आकड्यांखाली नवं, गोल अक्षर: 'नंबर चार. फुलं अकरा. मिरच्या नऊ.' आणि डावीकडच्या समासात, जिथे त्या दिवशीचं शिलाईचं काम लिहायचं तिथे, तिनं लिहिलं होतं: 'बंब, चौदा नग.'